होकार

एकदा एका पाठशाळेत भर दुपारी आग लागली. आज बी.ए.च्या मुलांना तत्त्वज्ञान म्हणून जे शिकवतात, म्हणजे तर्क, नीती, ज्ञानाचे स्वरूप, माणूस स्वतंत्र आहे की नाही, ते सगळे तिथे शिकवले जाई. आग लागल्यावर काय करावे, एवढे मात्र कुणी शिकवले नव्हते. ग्रंथशाळेची राखण अच्युत नावाच्या विद्यार्थ्याकडे होती. जागा सोडणार नाही, असे वचन त्याने सर्वांसमक्ष दिले होते. पण शेजारचे कुरण पेटले, वाऱ्याने ठिणग्या इकडे आल्या, आणि तो पोथ्या सोडून गोठ्याकडे धावला. गायी वाचल्या. पोथ्यांची राख झाली.

त्या राखेत एका शिष्याचे भाष्य होते. तारुण्याची सगळी वर्षे त्याने त्यात ओतली होती आणि दुसरी प्रत नव्हती. हा शिष्य पाठशाळेतला सर्वांत तल्लख. वादात त्याच्यापुढे कुणाचा निभाव लागत नसे, आणि हे त्याला चांगलेच ठाऊक होते. अच्युतला पाठशाळेतून काढून टाकावे, अशी मागणी त्याने सभेपुढे ठेवली. वाद जिंकला की त्याच संध्याकाळी अच्युतला गाठोडे बांधावे लागणार होते.

सभा भरली. शिष्य संतापाने उभा राहिला. खंडनापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायचा अशी जुनी रीत होती, पण अलीकडे ती दोन वाक्यांत उरकली जाई. शिष्य तोंड उघडणार तोच वृद्ध आचार्य आपल्या आसनावरून उठले. त्यांनी अच्युतला हाताला धरून तिथे बसवले आणि स्वतः खाली चटईवर बसले.

"पूर्वपक्ष मांड," ते शिष्याला म्हणाले. "हेच माझं म्हणणं, असा अच्युतनं होकार दिला की मग खंडन. तोवर नाही."

सभेत कुजबुज झाली. आरोपीच्याच हाती किल्ली! आचार्यांनी आपल्याला भर सभेत तोंडघशी पाडायचे ठरवले आहे, असे शिष्याला वाटले.

"अच्युत म्हणतो, मी भ्यालो. आगीपुढे कुणीही भिईल."

"नाही," अच्युत म्हणाला.

"अच्युत म्हणतो, जीव पोथीपेक्षा मोठा. मोठ्या कर्तव्यासाठी लहान कर्तव्य मोडावंच लागतं." हे शिष्याने झोकात मांडले. याचे खंडन तर त्याने घोकूनच ठेवले होते.

"नाही."

शिष्याचा तोल सुटला. "हा जन्मभर नाहीच म्हणेल! होकार दिला की गाठोडं बांधायचं, हे न कळण्याइतका तो खुळा नाही. मग माझ्या राखेचा न्याय कोण करणार?"

"तू त्याला विचारलंस?" आचार्यांनी विचारले.

त्याने विचारले नव्हते. आग विझल्यापासून तो अच्युतशी एक शब्द बोलला नव्हता. तो आसनापाशी जाऊन बसला. "सांग," तो म्हणाला.

"गायी हंबरत होत्या," अच्युत म्हणाला. "मी विचार केलाच नाही रे. दावी सोडून झाल्यावर पोथ्या आठवल्या. वळून बघतो तर छप्पर खाली आलेलं. मी बरोबर केलं असं म्हणवत नाही. पुन्हा वेळ आली तर जागा सोडणार नाही, असंही म्हणवत नाही. आणि तुझ्याकडे बघवत नाही."

शिष्य उठला. काही न गाळता, काही न सजवता त्याने हे सारे सभेला सांगितले.

अच्युतने मान डोलावली. "हो. हेच." आणि तो निकालाची वाट बघत बसला.

"आता खंडन कर," आचार्य म्हणाले.

शिष्य म्हणाला, "भ्यालेल्या माणसाचं खंडन माझ्यापाशी होतं. युक्तिवाद करणाऱ्याचंही होतं. त्यांतला कुणीच इथे बसलेला नाही."

"वचन तर त्यानं मोडलं ना?"

"मोडलं. तसं मी आजही म्हणेन. माझा रागही गेलेला नाही."

"राग असू दे," आचार्य शांतपणे म्हणाले. "पूर्वपक्ष हा नुसता शिष्टाचार नव्हे. आपण बहुधा मनातल्या सोयीच्या माणसाशी भांडतो, आणि शिक्षा मात्र समोरचा भोगतो. त्याचा होकार आला की कळतं, आपण कुणाशी बोलत होतो. त्यानंतर जे खंडन उरेल, तेवढंच खरं. तुझं काय उरलं?"

शिष्याने अच्युतकडे पाहिले. "याला घालवू नका. भाष्य मला बरंचसं आठवतं. मी सांगेन, हा लिहील. शिक्षा एवढीच."

"माझं अक्षर वाईट आहे रे," अच्युत म्हणाला.

"ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी दोघे गोठ्याच्या सावलीत बसले. शिष्य भराभर सांगू लागला आणि पहिल्याच पूर्वपक्षापाशी थांबला. प्रतिपक्षाची फजिती करणारे ते वाक्य एके काळी त्याला फार आवडत असे.

"हे लोक खरंच असं म्हणतात का रे?" त्याने विचारले.

अच्युतने लेखणी खाली ठेवली. "त्यांना विचारायला हवं," तो म्हणाला.