चोचीवरची गाठ

फार पूर्वी, एका तळ्याच्या अलीकडे कावळे राहत आणि पलीकडे घारी. त्यांची भांडणं थांबावीत म्हणून मधल्या खुंटावर निळा खंड्या पहाऱ्याला बसवला होता. पहारेकऱ्याने कुणाला टोचू नये, म्हणून बगळ्यांच्या विद्यापीठाने त्याची चोच गवताने बांधली होती. गाठ त्यांच्या परवानगीनेच सोडायची.

एके सकाळी कावळे खुंटावर तुटून पडले. पहारेकऱ्याचा धाकटा भाऊ गाठ ओढू लागला, पण दादाने मानेनेच नको म्हटलं. मग धाकटा विद्यापीठाकडे उडाला.

"गुरुजी, दादाला मारतायत! गाठ सोडू द्या!"

"मारतायत की नुसतं हुसकावतायत?" थोरल्या बगळ्याने विचारलं. "आधी ते ठरवू."

"अहो, रक्त येतंय!"

"किती?"

चर्चा दुपारी संपली. परवानगी घेऊन धाकटा पोहोचला, तेव्हा दादा पाण्यावर तरंगत होता. चोच बांधलेलीच होती.

संध्याकाळी बगळे जमले. थोरला म्हणाला, "तुझ्या दादावर व्याख्यान ठेवलंय, बाळ. तूही दोन शब्द बोल."

धाकट्याने दादाच्या चोचीवरून सोडलेलं ओलं गवत थोरल्याच्या पायाशी टाकलं. "आधी हे स्वतःच्या चोचीला बांधा, गुरुजी. मग द्या व्याख्यान."