हत्तिणीच्या पायाखालचं घुंगरू

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं उंदरांनी बजावलं होतं. तरी सांगते. आत्या जेवायला बोलावेपर्यंत हळू आवाजात सांगते. तुम्हीही हळूच ऐका.

सोमवारी प्राण्यांची बाग बंद असते. फाटकाला कुलूप असतं. माणसं बघायला येत नाहीत. म्हणून सोमवारी उंदरांची सहल असते.

एका सोमवारी इवली आली. इवली म्हणजे छोटीशी उंदरीण. शेंगेएवढी. सोबत आई होती, बाबा होते, गोटूदादा होता. चौघं फाटकाखालून आत शिरली. उंच उंच गवतात बसली. आईनं शिदोरी सोडली.

इवलीच्या शेपटीला एक घुंगरू होतं. गवत उंच, इवली लहान. ती दिसायचीच नाही. पण घुंगरू वाजायचं, छुन छुन. मग आईला कळायचं, इवली इथं आहे.

"घुंगरू सांभाळ हं," आई म्हणाली.

"नाहीतर आम्ही तिघंच घरी जाऊ," गोटूदादा म्हणाला.

"गप रे," बाबा म्हणाले.

इवली निघाली. टुणुक टुणुक, छुन छुन. टुणुक टुणुक, छुन छुन. गवत संपलं. समोर चार खांब होते. राखाडी. जाडजाड. इवलीनं वर पाहिलं. अजून वर. अजून वर. खांबांवर पोट होतं. पोटापुढे सोंड होती. सोंडेच्या वर आभाळ होतं.

ती हत्तीण होती.

इवली बघतच राहिली. बघता बघता मागे सरली. शेपटीची गाठ सुटली. घुंगरू पडलं. गडगड गडगड गेलं. आणि हत्तिणीनं पाय ठेवला. धप्प. घुंगरू मऊ मातीत दडलं.

आता छुन छुन नाही. इवलीनं मागे पाहिलं. गवतच गवत. आई कुठं, काही कळेना.

इवली म्हणाली, "हत्तीणमावशी, हत्तीणमावशी,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
पाय उचल ना."

हत्तीण म्हणाली, "मी नाही उचलत. उन्हानं अंग तापलंय. तुळसाकाकू पाणी सोडेल, तेव्हा उचलीन."

इवली निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. तुळसाकाकू हत्तिणीला रोज आंघोळ घालायची. हातात लांब पाइप घेऊन ती उभी होती.

"तुळसाकाकू, तुळसाकाकू,
हत्तीण पाय उचलेना,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
पाणी सोड ना."

"कसं सोडू, बाळे?" तुळसाकाकू म्हणाली. "कासव बसलंय पाइपावर. त्याला उचलायला चार माणसं लागतात. आज सोमवार, मी एकटी. ते हललं की सोडते."

इवली निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. पाइपावर कासव बसलं होतं. जात्याएवढं. शंभर वर्षांचं. डोळे मिटून.

"कासवआजोबा, कासवआजोबा,
काकू पाणी सोडेना,
हत्तीण पाय उचलेना,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
हला ना."

कासवानं एक डोळा उघडला. "पाइप गार आहे. मी नाही हलत. माकडाकडे कलिंगडाची फोड आहे. ती आली, तर हलेन." डोळा मिटला.

इवली निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. माकड पिंजऱ्यात बसलं होतं. हातात लाललाल फोड होती.

"माकडदादा, माकडदादा,
कासव काही हलेना,
काकू पाणी सोडेना,
हत्तीण पाय उचलेना,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
फोड दे ना."

माकड म्हणालं, "मी नाही देत. रविवारी सगळे मलाच बघतात. आज मला काहीतरी बघायचंय. मोर पिसारा फुलवेल, तर फोड देईन."

इवली निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. शेजारी मोर होता. त्याचा पिसारा जमिनीवर पसरला होता. इवली त्याच्या कडेकडेनं चालली. चालली, चालली, तरी पिसारा संपेना.

"मोरमामा, मोरमामा,
माकड फोड देईना,
कासव काही हलेना,
काकू पाणी सोडेना,
हत्तीण पाय उचलेना,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
पिसारा फुलव ना."

मोर म्हणाला, "मी नाही फुलवत. आधी गडगडाट हवा."

इवलीनं आभाळ पाहिलं. निळं निळं. एक ढग नाही.

"गडगडाट कोण करतं, मामा?"

"मेघ करतो," मोर म्हणाला. "नाहीतर वाघ करतो."

इवली निघाली. टुणुक... टुणुक. टुणुक... टुणुक. सोमवारी वाघाचा उपवास असतो. सोमवारी तो कुणाला खात नाही. इवलीला हे ठाऊक होतं. तरी ती एकेक पाऊल जपून टाकत होती.

गजांच्या आत वाघ बसला होता. पिवळा, जसं ऊन. पट्टे काळे, जशा सावल्या. त्यानं डोळे उघडले. एकेक डोळा इवलीएवढा होता. इवली गजाला टेकून म्हणाली,

"वाघोबा, वाघोबा,
मोर पिसारा फुलवेना,
माकड फोड देईना,
कासव काही हलेना,
काकू पाणी सोडेना,
हत्तीण पाय उचलेना,
घुंगरू मला मिळेना,
आईला मी सापडेना.
गडगडाट करा ना."

वाघ म्हणाला, "कानामागे खाज सुटलीय. चार दिवस झाले. माझा पंजा हा एवढा. खाज ही एवढीशी. सापडतच नाही. तू खाजव. मग करतो."

इवली गजांमधून आत शिरली. पंजावर चढली. खांद्यावर चढली. मानेवर चढली. कानामागे पोचली. खरखर. खरखर.

"थोडं डावीकडे," वाघ म्हणाला.

खरखर. खरखर.

"हां. तिथंच."

वाघानं डोळे मिटले. त्याच्या पोटात घुर्र घुर्र होऊ लागलं. इवलीच्या पायाखाली अख्खा वाघ हलू लागला.

"आता घट्ट धर," वाघ म्हणाला.

इवलीनं केस घट्ट धरले. वाघानं तोंड उघडलं.

डुर्रर्रऽऽऽऽ.

झाडावरचे पक्षी उडाले. गज थरथरले. मग सगळी बाग गप्प झाली.

"आलं वाटतं आभाळ," मोर म्हणाला. त्यानं पिसारा फुलवला. सर्रर्र. निळे, हिरवे, शंभर डोळे उघडले.

माकडानं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना दोन हात लागतात. हातातली फोड सुटली. टप्प. पिंजऱ्याबाहेर पडली.

कासवानं मान लांब केली. कासव उठलं. डुलत डुलत फोडीकडे चाललं.

पाइप मोकळा झाला. तुळसाकाकूनं पाणी सोडलं. फस्सऽऽ. हत्तिणीच्या पाठीवर पाणी. पोटावर पाणी. कानांवर पाणी.

"अहाहा," हत्तीण म्हणाली. आणि तिनं पाय उचलला. हळूच. उंच.

मातीत घुंगरू चमकत होतं. इवली वाघाच्या मानेवरून उतरून धावली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. तिनं घुंगरू घेतलं. दोन्ही हातांनी हलवलं. छुन छुन. छुन छुन. छुन छुन.

गवत हललं. आधी मिश्या दिसल्या. मग नाक. मग आई.

आईनं इवलीला पोटाशी धरलं. कितीतरी वेळ धरलं. मग शेपटीला घुंगरू बांधलं. एक गाठ. तिच्यावर दुसरी गाठ. तिच्यावर तिसरी.

मागून बाबा आले. गोटूदादा आला. त्याचे डोळे लाल होते.

"कुठं होतीस गं?" तो म्हणाला.

"वाघाच्या डोक्यावर," इवली म्हणाली.

"चल. काहीही."

तेव्हा हत्तिणीनं सोंड खाली आणली. अगदी हळू. गोटूदादाच्या कानाशी आणली. आणि म्हणाली, "अरे, तुझी ही शेंगेएवढी बहीण..."

"वेणू, पानं घेतलीत गं. चल."

आले, आत्या. तर हत्तीण म्हणाली, "तुझी ही शेंगेएवढी बहीण आज सगळ्या बागेला..."

"वेणू."

आले, आले.