क्यूच्या टोकाचा दोरा

"मऊ लावू की कडक, उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद टेबलाच्या कापडावर ब्रश फिरवत होते. ब्रश एकाच दिशेनं न्यायचा असतो, उलटा फिरवला की कापडाची लव मोडते. ते काम पुरं होईपर्यंत ते कोणाशी बोलत नसत.

मिरजेत स्टेशनजवळ त्यांचा पूलचा, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचा, हॉल होता. हॉल म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली आणि दोन टेबलं. पण सांगली-कोल्हापूरचे चांगले खेळाडू तो जिना चढून येत, आणि चपला खाली काढून येत.

विचारणारा निनाद कोलप. सराफांचा मुलगा. खेळायला लागून वर्षही झालं नव्हतं. हात चांगला होता. ते त्याला कोणीतरी सांगितलं होतं, तिथंच बिघडलं.

त्याला उस्तादांचा गंडा हवा होता. मिरजेत गवई शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतात, तसा उस्ताद पूल शिकणाऱ्याला बांधत. लाल दोरा. ज्याला बांधला त्याच्यापासून ते काही राखून ठेवत नसत. ज्याला नाही बांधला तो गिऱ्हाईक. त्यानं टेबल घ्यावं, खेळावं, जावं.

शेवटचा गंडा त्यांनी पुतण्याला बांधला होता. पुतण्या शिकला आणि पुण्याला गेला. पुढं त्यानं पेपरातल्या मुलाखतीत गुरू म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव सांगितलं. तेव्हापासून लाल दोऱ्याचं रीळ पत्र्याच्या डब्यातून बाहेर आलं नव्हतं.

हॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं. निनादलाही.

त्याच्या क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टोकावरची चामड्याची टिप पसरून फाटली होती. त्यानं नव्या तीन मागवल्या होत्या, आणि कोणत्या टिपमध्ये चामड्याचे किती थर, कोणता मोठा खेळाडू कोणती वापरतो, हे मोबाईलवर पाहिलेलं सगळं तो सांगत सुटला.

उस्तादांनी ब्रश खिळ्याला अडकवला.

"बोलून झालं?"

"झालं."

"मऊ टिप बॉल धरते, त्याला फिरकीचा फेर देते. पण लवकर पसरते. कडक टिकते, पण मार जरा वाकडा बसला की सटकते. मऊला धीर लागतो. कडकला तयार हात लागतो."

"आणि मला कोणती?"

"तुझ्याकडं दोन्ही नाही. मधली लाव."

निनाद हसला. उस्ताद हसले नाहीत.

लावायचं काम त्यांनी त्यालाच करायला लावलं. जुनी टिप ब्लेडनं काढायची. खालचा सरस खरवडायचा. क्यूचं टोक सपाट करायचं. नव्या टिपची पाठ पॉलिशपेपरवर घासायची. निनादला घाई होती. झालं, झालं, असं तो म्हणत राहिला. उस्ताद टोकावरून बोट फिरवत आणि क्यू परत त्याच्या हातात देत.

"किती खरवडू? दिसत तरी नाही काही."

"जुना सरस राहिला की नवी टिप सरसावर बसते. काठीवर बसत नाही."

शेवटी टिप बसली. निनादनं ती अंगठ्यानं दाबून धरली.

उस्ताद उठले. पत्र्याचा डबा उघडला. रीळ बाहेर काढलं.

दोरा त्यांनी स्वतः बांधला. टिपवरून खाली काठीवर, परत वर, असा फुलीसारखा. प्रत्येक वेढा ते ताणून बघत, त्यामुळं वेळ लागला. गाठ मारताना त्यांचे ओठ हलत होते.

निनाद मोबाईल बघत होता.

"काठी घरी ने. उद्या दुपारी ये. दोरा मी सोडीन. तोवर हात लावायचा नाही."

"उस्ताद, हा सरस पाच मिनिटांत धरतो. डबीवर लिहिलंय तसं."

"काय सांगितलं ते ऐकलं?"

"ऐकलं."

…

दुसऱ्या दिवशी दुपारी निनाद आला तो जिन्यातूनच बोलत. सकाळी सांगलीचे मित्र आले होते. त्यांच्यातल्या एकाच्या घरी टेबल आहे. नवा माल दाखवायला नको का. मग दोरा ब्लेडनं कापला, टिप घासून गोल केली आणि सगळ्यांना हरवलं. टिप झकास आहे. फेर असा लागतो की बघत राहावं.

उस्तादांनी क्यू हातात घेतला. टिपभोवती अंगठा फिरवला. नख लावून पाहिलं.

टिप घट्ट होती. जराही हलली नाही.

"चांगली बसलीय," ते म्हणाले.

"मग? म्हटलं होतं ना मी. पाच मिनिटं पुष्कळ होतात."

"दोरा कुठाय?"

"दोरा?" निनादला आठवावं लागलं. "टाकला की. तुकडे झाले होते त्याचे."

…

उस्तादांनी क्यू परत दिला. कालपासून रीळ खिडकीतच होतं. ते त्यांनी डब्यात ठेवलं. झाकण घट्ट बसत नव्हतं, ते तळहातानं दाबून बसवलं.

मग ब्रश घेतला.

"कोणतं टेबल पाहिजे?"

असं ते गिऱ्हाईकाला विचारत. निनादच्या ते लक्षात आलं नाही.

"टेबल नको, उस्ताद. मी काय विचारायला आलोय ते तुम्हाला ठाऊक आहे. टिप मी माझ्या हातानं लावली. तुम्ही म्हणालात तेवढं खरवडलं. आता तरी सांगा, गंडा कधी बांधणार?"

उस्ताद टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रश नेत होते. कापड पुरं झाल्याशिवाय ते बोलले नाहीत.

"काल बांधला होता."