लगमाईचं टोचरं घोंगडं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते विचारू नका, निमसरवाडीच्या माळावर पवन्या गवत इतकं माजायचं की त्यात मेंढरू बसलं तर नुसते कान दिसायचे, असं म्हणतात. मला विचाराल तर कानही दिसत नसावेत, पण ते सोडा.

त्या वाडीत लगमाई नावाची धनगरीण राहायची. दिवाळीनंतर खालच्या उष्ण मुलखात गेलेली मेंढरं परतली, की त्यांच्या कातरलेल्या लोकरीतला काडीकचरा वेचायचा आणि सूत काढायचं, हे तिचं काम. लोकरीत सगळ्यात जास्त निघायची ती कुसळं. तिकडच्या कुसळी गवताचं हे टोकदार बी लोकरीत रुततं, बोटात घुसतं. बाकीच्या बाया ते चुलीत टाकायच्या, लगमाई मडक्यात भरून ठेवायची. "एवढ्या लांबनं आलंय, त्याला जाळायचं कसं?" म्हणायची. लोक कुसळ काढून फेकतात, आमची लगमाई साठवते, अशी वाडीत थट्टा व्हायची.

तरुणपणी मात्र तिची बोटं एवढी तरबेज नव्हती. तिच्या सुताचं पहिलं घोंगडं झालं ते नवऱ्यासाठी, यशाप्पासाठी, आणि त्यात अर्धी कुसळं तशीच राहिली. "घोंगडं पांघरलंय का माळ?" असं तो जन्मभर म्हणत राहिला आणि जन्मभर तेच पांघरत राहिला. तो गेल्यावर ते लगमाईच्या उशाशी आलं.

पुढं पाऊस बदलला. यायचा उशिरा, चार दिवसांत सगळा ओतायचा, आणि मग दोन महिने ऊन. एक वर्ष नाही, दोन नाही, सात वर्षं. पवन्या विरळ झाला, मग कुठं कुठं ठोंब उरले, मग तेही गेले. उघडी माती वाऱ्यानं उडू लागली. तेव्हा लगमाईनं मडकी माळावर नेली आणि सगळं बी फेकलं. उन्हातल्या मुलखाचं गवत ते, त्याला ऊन नवं नव्हतं. ते उगवलं.

आणि वाडीनं ते उपटून टाकलं. वाडीचा कारभारी म्हाकू हा लगमाईचा धाकटा भाऊ. पवन्याच्या जागेवर हे येऊन बसलं तर पवन्या परत येणार कुठं, असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रुसून गेलेल्या पाहुण्याचं पान मांडून बसावं, तशी ती माणसं पवन्याची वाट बघत होती. पण पवन्या आला नाही, आणि उरलीसुरली मातीही उडून चालली.

भादव्यात म्हाकू बहिणीच्या दारात आला.

"अक्का, मेंढरं मराया लागली. दसऱ्याला वाडी उठणार."

"आन मी?"

लगमाईला तेव्हा चार पावलं चालवत नव्हती.

मडकी तर रिकामी झाली होती. लगमाईनं उशाशी ठेवलेलं घोंगडं ओढलं आणि कडेचं सूत सोडायला घेतलं. "मला पाठीवर घे," ती भावाला म्हणाली, "माळावर चल."

"अक्का, ह्यात दाजींचा वास हाय."

"हाय की. पर मेंढरं वासावर जगत न्हाईत."

एवढं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. का नाही फुटणार? चाळीस वर्षांचा संसार होता त्यात.

मग म्हाकू चालत राहिला आणि पाठीवर बसून लगमाई घोंगडं उसवत राहिली. असे सात दिवस गेले आणि अख्ख्या माळाला सुताचे सात वेढे पडले, असं म्हणतात. एका घोंगड्यात एवढं सूत आलं कुठून, हे ज्याला विचारायचं त्यानं माळाला विचारावं. शेवटचा धागा सुटला तेव्हा म्हाकूला पाठ हलकी वाटली. त्यानं वळून पाहिलं, तर लगमाई नव्हती. अंगातल्या बंडीला एक कुसळ तेवढं रुतलेलं होतं.

आठव्या दिवशी घटकाभर पाऊस पडला. एरवी एवढी ओल दुपारपर्यंत उडून गेली असती, पण लोकरीनं ती धरून ठेवली. ओल लागली की कुसळ आपला पीळ सोडत स्वतःच जमिनीत शिरतं. पंधरा दिवसांत माळ रेघारेघांनी हिरवा झाला. या वेळी कुणी उपटायला गेलं नाही.

दसऱ्याला वाडी उठली नाही. माळ पूर्वीसारखा झाला नाही, खोटं कशाला सांगू? कुसळी कोवळी असतानाच चारून घ्यायची, हे धनगरांना नव्यानं शिकावं लागलं. पण तिनं माती धरली. बऱ्याच वर्षांनी तिच्या आडोशाला, सखल जागी, पवन्याचे दोन-चार ठोंब दिसले. म्हातारा म्हाकू त्यांच्याजवळ बसून ढसाढसा रडला, असं म्हणतात.

आजही निमसरवाडीत लोकरीतलं बी चुलीत टाकत नाहीत. घोंगड्याच्या एका कोपऱ्याची लोकर मुद्दाम न वेचता ठेवतात. माणूस गेला की घरचे त्याचं घोंगडं माळावर नेऊन उसवतात, आणि सुताचं टोक धरायला भाऊ लागतो. थंडीत एखादं लेकरू कुरकुरलं, "आये, टोचतंय," तरी आई घोंगडं काढत नाही. उलट आणखी घट्ट गुंडाळते.

"टोचू दे," म्हणते, "लगमाई हाय ती."