देवदाराखालचा खड्डा

एका डोंगराळ मुलुखात एक वाटाड्या होता. त्याच्या गावातून पलीकडच्या गावी जायला एकच वाट होती, आणि ती एका उघड्या उतारावरून आडवी जायची. हिवाळ्यात तो उतार कधी निमूट राही, तर कधी माणसांसकट खाली येई.

म्हणून तिथे एक रीत होती. उतारावर पाय टाकण्याआधी वाटाड्याने बर्फात कमरेइतका खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीवरून हात फिरवायचा. भिंत वरपासून खालपर्यंत घट्ट लागली, तर पुढे जायचे. कडक थराखाली साखरेसारखा भुसभुशीत बर्फ लागला, तर मागे फिरायचे. मग कुणाचे काहीही काम असो.

त्या वर्षी वाटाड्याच्याच मुलीचे लग्न ठरले. मुहूर्त संध्याकाळचा, मांडव पलीकडच्या गावात. नवऱ्या मुलाचा बाप वऱ्हाड न्यायला आला होता. आदल्या दिवशी वारा सुटून उतारावर नवा बर्फ साचला होता.

वऱ्हाड उताराच्या कडेशी थांबले. व्याही हसत म्हणाला, "काय व्याहीबुवा, पोरगी घरातच ठेवायचा विचार आहे की काय?"

सगळे हसले. वाटाड्याला ते झोंबले. त्याने फावडे उचलले, कडेच्या देवदाराखाली गेला आणि तिथे खड्डा खणला. भिंत घट्ट लागली.

"चला," तो म्हणाला.

मुलगी पुढे झाली. "आबा, आपण झाडाखालून जाणार आहोत का?"

"म्हणजे?"

"वाट उतारावर आहे. खड्डा तिथे खणा ना."

झाडाखाली बर्फ नेहमीच घट्ट असे; उतारावर काय सापडेल, याचाही वाटाड्याला अंदाज होता. म्हणूनच तो तिकडे गेला नव्हता. पण सगळ्यांसमोर पोरीने विचारावे, हे त्याला सहन झाले नाही.

"तू मला शिकवतेस?" त्याने फावडे तिच्याकडे फेकले. "मी पुढे होतो. पार झालो की एकेकाने या."

तो थोडाच पुढे गेला असेल. पायाखाली धप्प असा आवाज झाला. वर बर्फात एक रेघ उमटली आणि अख्खा उतार चालू लागला.

घसरण थांबल्यावर बर्फाबाहेर त्याचा फक्त एक हातमोजा दिसत होता. मुलगी धावली. तिने त्याच फावड्याने खणले, व्याह्याने हातांनी उकरले. वाटाड्या जिवंत निघाला. पाय मात्र गुडघ्यातून मोडला होता. तो पुढे कधीच सरळ झाला नाही.

मुहूर्त टळला. त्याला उचलून परत नेताना देवदार लागला. व्याही खड्ड्यात डोकावून पुटपुटला, "भिंत तर पक्की आहे हो."

"भिंत खरीच आहे," वाटाड्या म्हणाला. "जागा मी निवडली."

बर्फ वितळल्यावर लग्न लागले. त्यानंतर मुलगी हिवाळ्यात माहेरी असली की वाटाड्या लंगडत उताराशी येई आणि खड्डा कुठे खणायचा, हे तिला विचारत असे.

तात्पर्य: हवे ते उत्तर मिळेल अशा जागी केलेली पारख ही पारख नव्हे.