कोरड्या विहिरीतला देव

फार जुनी गोष्ट. तेव्हा तुमच्या आज्याच्या आज्याचंही नाक दुसरं कुणीतरी पुसत होतं. लेकरांनो, जवळ या. शहाण्यासुरत्यांनी अगदी पुढं बसावं, म्हणजे डुलक्या घेतल्या की दिसतील.

एक राज्य होतं आणि तिथं एक रीत होती. देवाचं नाव घेतल्याशिवाय ओझं उचलायचं नाही. पोतं असो की पाण्याची मोट, हमाल आधी ओरडणार, “देवा, हात लाव!” आणि मगच जोर करणार. नाव न घेता ओढलं तर घात होतो, असं देवळातल्या पुजाऱ्यानं शिकवलं होतं. खाली सोडताना मात्र नाव लागत नसे. बरोबरच आहे. माणसाला खाली सोडायला देव कशाला लागतो?

गावाबाहेर एक कोरडी विहीर होती. राजानं तिचं नाव ठेवलं होतं ‘नरक’. गुन्हेगाराला दोरानं आत सोडायचं आणि विसरून जायचं. राजा म्हणायचा, या विहिरीमुळं माझ्या राज्यात चोर उरला नाही. उरले होते हो, पण हुशार उरले होते.

एकदा देवळात राजासमोर पुजारीबुवा रंगात आले. “देव चराचरात आहे! मुंगीच्या पोटात आहे, धोंड्याच्या पाठीत आहे!”

मागं एक बांगड्या विकणारा कासार बसला होता. जीभ जरा सैल. तो म्हणाला, “मग बुवा, आपल्या नरकातपण असंल की!”

लोक फिसकन हसले. राजा हसला नाही. नरकात देव आहे असं ठरलं, तर नरकाला भिणार कोण?

“खाली जाऊन बघ,” राजा म्हणाला. “दिसला तर हाक मार. वर काढू.”

आणि कासाराला विहिरीत सोडलं.

कासारीण काठावर बसून राहिली. पहिल्यांदा खालून नवऱ्याच्या थट्टा ऐकू यायच्या. “अगं, इथं भाडं लागत नाही!” मग नुसतं कण्हणं. आणि एका सकाळी एकदम आरोळी आली, “आहे! देव इथं आहे!”

गाव धावलं. राजा आला, बुवा आले. हमालांनी दोर सोडला, कासारानं तो खाली कमरेला बांधला. पण नाव घ्यायला तोंड उघडलं आणि हमाल अडखळले.

“बुवा, नरकावर देवाचं नाव घेतलेलं चालतं का?”

बुवांनी राजाकडं पाहिलं. राजा सुपारी कातरत होता. अडकित्ता कटकन वाजला.

“नरकात देव नसतो,” बुवा म्हणाले. “भुकेल्या माणसाला काहीही दिसतं. तिथं नाव घ्याल तर जीभ झडेल.”

हमालांनी दोर टाकला. कासारणीनं तो उचलला.

तिनं एकटीनं ओढलं. कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या दोराखाली एकेक करून फुटल्या. नवरा वर येऊ लागला. त्याची बोटं काठाच्या दगडापाशी दिसली. मग दोर तिच्या रक्तातून सरकला. खाली धप्प आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

“बघा,” बुवा म्हणाले, “नाव न घेता ओढलं.”

पण लोक कुजबुजायला लागले. मरता माणूस खोटं बोलेल का? त्याला काय दिसलं? कुजबुज राजाच्या कानी गेली.

“बुवा, आता तुम्हीच उतरा,” राजा म्हणाला. “आणि तळातून ओरडून सांगा, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.”

बुवा पलिता घेऊन उतरले. तळाशी कासार मरून पडला होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. देवळातली खोबऱ्याची वाटी उचलली म्हणून तिला त्याच्या आधी आत सोडलं होतं. गाव तिला विसरूनही गेलं होतं.

“म्हातारे, याला काय दिसलं गं?”

“अंधारात काय दिसणार, बुवा? भुकेनं कण्हत होता. माझ्या पदरात खोबरं होतं, तुमचंच. अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. तर ओरडतच सुटला. मी म्हटलं, अरे गप, मी आहे, चोरटी म्हातारी. तर म्हणतो, तेच सांगतोय त्यांना.”

त्यांना कळलं, चांगलं कळलं.

वरून राजाचा आवाज आला, “काय बुवा? आहे का देव?”

आहे म्हणावं, तर कासाराचा जीव कुणी घेतला, असं गाव विचारणार. बुवा ओरडले, “नाही महाराज! इथं देव नाही! ओढा मला!”

हमालांनी दोर धरला. तोंड उघडलं. मिटलं.

“आता नाव कसं घ्यायचं?” एक हमाल म्हणाला. “बुवा स्वतःच सांगतायत.”

“रीत मोडू नका,” राजा म्हणाला. जे बुवांनी खाली पाहिलं, ते वर न आलेलंच त्याला बरं होतं.

“आहे! आहे!” खालून किंकाळी आली. “देवाशपथ, देव इथंच आहे!”

राजा विहिरीत वाकला. “भुकेल्या माणसाला काहीही दिसतं, बुवा.”

हमालांनी कासारणीकडं पाहिलं. तिनं आपल्या सोललेल्या तळहातांकडं पाहिलं, पदर झटकला आणि ती घरी गेली.

खाली पलिता विझला. बुवा बराच वेळ ओरडले, मग थकले. तेव्हा अंधारातून एक सुरकुतलेला हात त्यांचा हात चाचपत आला.

“बसा बुवा. थोडं खोबरं उरलंय.”

म्हणून सांगतो, नरकातही देव असतो; ज्या तोंडानं त्याला तिथं ‘नाही’ म्हटलं, त्याच तोंडात देवालाच एक दिवस घास घालावा लागतो, पण वर ओढायला तेव्हा कुणी उरलेलं नसतं.