हेमतीरची न वाजलेली घंटा

वर्षावासातल्या एका दुपारी विहाराच्या ओसरीवर तीन तरुण भिक्षूंचा वाद चांगलाच तापला होता. एखादे कर्म चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावरून? एक म्हणे, फळावरून. ज्याने पुष्कळांचे भले होते ते कर्म चांगले. दुसरा म्हणे, नियमावरून. मग फळ काहीही येवो. तिसरा म्हणे, आधी करणारा कसा आहे ते बघा, चांगल्या माणसाच्या हातून घडते तेच चांगले. तिघेही हुशार होते आणि तिघांनाही आपली हुशारी पुरेपूर ठाऊक होती. अंगण झाडणारे वृद्ध स्थविर शान्तक मधूनच हात थांबवून ऐकत होते. भिक्षा घेऊन आलेली उपासिका उत्पला आणि तिच्याबरोबर आलेले तिचे भाऊ, नगरातले श्रेष्ठी, दाराशी उभे राहून हसत होते.

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, तेथे आले. वाद कशाचा ते ऐकून घेऊन म्हणाले, “भिक्षूंनो, हा वाद तुमचा आजचा नाही. पूर्वीही तुम्ही तो घातला होता, आणि तोही बुडत्या नावेत बसून.” मग त्यांनी ही कथा सांगितली.

मंदवाहा नदीच्या काठी हेमतीर नावाचे नगर होते. तेथे पुष्पकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्याच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव शुभंकर. ते राजाचे सल्लागार होते आणि धर्माधर्माचा विचार शिकवणारे आचार्यही होते.

हेमतीरचे लोक ताठ मानेचे. आणि का नसावेत? त्यांच्या नगरात एक न्यायघंटा होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने बुरुजावर जाऊन दोर ओढायचा. मग राजापासून कुंभारापर्यंत सगळे हातातले काम टाकून चौकात जमायचे. आरोप करणाऱ्याचे ऐकायचे, ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही ऐकायचे. त्याशिवाय कुणाला चाबकाचा एक फटकाही मारायचा नाही. अशी रीत आसपासच्या दहा राज्यांत नव्हती, आणि हेमतीरकर ही गोष्ट पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगत.

पण पुष्पकेतूच्या आजोबांच्या काळात उत्तरेच्या राजाने स्वारी केली आणि घंटा उचलून नेली. तेव्हापासून न्याय बंद दाराआड होऊ लागला. अधिकारी ठरवत, शिपाई शिक्षा देत, लोकांना नंतर कळे. बुरुजावर रिकामा आकडा तेवढा राहिला. लोक तो दर वर्षी चिंच लावून घासत, आणि खाली मान घालून घरी जात.

ती घंटा परत आणायची, हा ध्यास शुभंकरांनी तरुणपणीच घेतला. दूत म्हणून ते उत्तरेला गेले, हाकलले गेले, पुन्हा गेले. तिथल्या दरबाराने त्यांना दाराबाहेर बसवले, त्यांची थट्टा केली. ते बसून राहिले. त्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी हेमतीरचे धान्य पाठवायला लावले. दोन राजपुत्रांत राज्यावरून भांडण लागले तेव्हा तेच मध्ये पडले. असे करता करता केस पांढरे झाले. शेवटी उत्तरेचा म्हातारा राजा म्हणाला, “शुभंकर, तुम्ही आम्हाला लाजवलंत. घेऊन जा तुमची घंटा.” एक बाणही सुटला नाही. अशी माणसे ज्या नगरात जन्मतात त्या नगराने मिरवले तर त्यात नवल काय?

घंटा आणायला राजा स्वतः गेला. शुभंकर बरोबर होते आणि त्यांचे तीन शिष्यही होते. सोमिल फळाचा विचार करणारा, देवरात नियमाला धरून चालणारा, आणि मंदार शीलाचे गुण गाणारा. जेवण झाले की राजा त्यांना वाद घालायला लावी आणि तक्क्याला टेकून ऐके. निर्णय कधीच लागत नसे, पण झोप छान लागे.

निघताना उत्तरेच्या राजाने आणखी एक ओझे दिले. कालक नावाच्या दरोडेखोराने हेमतीरच्या मिठाच्या तांड्यावर घाला घालून माणसे मारली होती. त्याला पकडून लोखंडी पिंजऱ्यात कोंडले होते. वाटेत कुणी लाच देऊन सोडवू नये म्हणून पिंजऱ्याची किल्ली आधीच हेमतीरच्या कोतवालाकडे पाठवली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी बंद दाराआड शिक्षाही ठरवून टाकली होती. नगरात पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सुळावर द्यायचे होते.

घंटा मोठ्या नावेवर चढवताना हेमतीरच्या मानकऱ्यांनी एक हट्ट धरला. न्यायघंटेचे तोंड जमिनीकडे करून ती फळ्यांवर टेकवणे म्हणजे तिचा अपमान! म्हणून त्यांनी ती उलटी, तोंड आभाळाकडे करून, दोरांनी बांधली. आकड्यावर चढण्याआधी ती वाजू नये म्हणून आत लोंबणाऱ्या लोळीला रेशमी वस्त्र गुंडाळले. तारक नावाचा नावाडी म्हणाला, “मालक, हा तर हंडा झाला. लाटा आल्या तर भरंल.” मानकऱ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो गप्प बसला.

नदीच्या मध्यावर वारा उठला आणि लाटा काठावरून आत येऊ लागल्या. लोक नावेतले पाणी उपसत होते, पण घंटेत साचलेल्या पाण्यात कुणी बादली बुडवीना. पवित्र वस्तूत उपसण्याची बादली घालायची कशी? घंटा काठोकाठ भरली, आणि तिच्या भाराखालची फळी कडाडून फुटली. आता कितीही उपसले तरी पाणी कमी होईना.

तारक राजासमोर येऊन उभा राहिला. “महाराज, घंटा किंवा पिंजरा, दोन्हीतलं एक खाली गेलं पाहिजे. आत्ताच. दोन्ही ठेवलीत तर आपण सगळेच जाऊ.”

राजाने शिष्यांकडे पाहिले. “पंडितांनो, बोला. एवढी वर्षं बोलताच आहात.”

सोमिल लगेच म्हणाला, “महाराज, हे अवघड नाही. पिंजरा टाका. कालक उद्या मरणारच आहे, त्याची एक रात्र तेवढी जाईल. घंटा नगरात गेली तर पुढे शेकडो निरपराध लोक अन्यायातून वाचतील. एका बाजूला एक रात्र, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचं भलं.”

“नाही!” देवरात ओरडला. “माणसाला ओझं म्हणून फेकायचं नाही. त्याला शिक्षा सुळाची झाली आहे, आपली नाव हलकी करण्याची नाही. पण महाराज, आपण घंटा आणू असा नगराला शब्द दिला आहे. तोही मोडता येत नाही.”

“मग काय करायचं?”

देवरात खाली वाकून पुन्हा पाणी उपसू लागला.

मंदार दोन्ही हातांनी नावेची कड घट्ट धरून म्हणाला, “अशा वेळी थोर पुरुष काय करील, ते पाहावं.”

“काय करील?”

“तो... तो भिणार नाही,” मंदार म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

शुभंकर इतका वेळ घंटेपाशी उभे होते. त्यांनी तिच्या थंड काशावर हात ठेवला. त्यांचे अर्धे आयुष्य त्या धातूत गेले होते. तिचा आवाज कसा आहे, हे त्यांनी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. तो एकदा ऐकावा आणि मग मरण आले तरी चालेल, असे त्यांना कितीदा वाटले होते. त्या क्षणी त्यांना फार वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपवले नाही. डोळे पुसून ते वळले.

“सोमिल, इकडे ये. महाराजांना सांगितलंस ते याला सांग.”

सोमिल पिंजऱ्यापाशी गेला. आत पाणी कालकच्या गुडघ्यापर्यंत आले होते. सोमिलने त्याच्याकडे पाहिले.

कालक म्हणाला, “पंडित, मी पोहण्यात पटाईत आहे. पण पिंजऱ्याला पोहता येत नाही.” एवढे बोलून तो हसला, पण त्याचे दात वाजत होते.

शुभंकर म्हणाले, “सोमिल, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पुष्कळांचं भलं पाहिलंच पाहिजे. पण तुझ्या विचारात एक फळ राहिलं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कुणाला दंड नाही, हे सांगणारी ही घंटा. आणि ती आपण एका माणसाचं काहीही न ऐकता त्याला बुडवून घरी न्यायची? मग ती वाजली तरी सांगणार काय? देवरात, तुझे दोन्ही नियम खरे, पण ते सारखे नाहीत. शब्द मोडला तर नगराची क्षमा मागता येते. मेलेल्याची मागता येत नाही. आणि मंदार, बाळा, प्रश्न तुझाच सगळ्यांत चांगला आहे. आता डोळे उघड आणि हा दोर सोडायला मला हात लाव.”

राजा पुढे झाला. “अमात्य, घाटावर सारं नगर ढोल घेऊन उभं आहे. आजोबांनी घंटा घालवली, नातवानं ती नदीत टाकली, असं म्हणतील.”

“महाराज, दोष माझा. उत्तर मी देईन.”

राजाने कमरेची कट्यार उपसली. “राज्य माझं आहे,” तो म्हणाला, “उत्तरही मीच देईन.” आणि पहिला दोर त्याने स्वतः कापला.

दुसरा दोर देवरातने कापला. सोमिलने खांदा लावला, मंदारने लावला, मानकऱ्यांनीही रडत रडत लावला. लोळीला रेशीम गुंडाळलेली ती घंटा आवाज न करता पाण्यात गेली. वर थोडे बुडबुडे आले आणि नाव वर उचलली गेली.

घाटावर ढोल वाजत होते. नाव जवळ आली तसा एकेक ढोल थांबला. राजा खाली उतरला, त्याने डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला, आणि काय घडले ते एकही शब्द न गाळता सांगितले.

तेव्हा गर्दीतून तिष्या नावाची एक बाई पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा नंदक मिठाच्या तांड्यात मारला गेला होता. तिने पिंजऱ्याकडे पाहिले, मग शुभंकरांकडे.

“हा जिता आहे,” ती म्हणाली. “माझा नंदक मेला, आणि याला वाचवायला तुम्ही आमची घंटा बुडवलीत?”

“होय, आई.”

“या असल्यासाठी?”

“त्याच्यासाठी, आणि आपल्यासाठीही. तुम्ही न्याय मागायला त्या घंटेचा दोर ओढला असता, तर ती काय देऊन आणली हे आम्हाला तुमच्यापासून लपवावं लागलं असतं.”

तिष्येने विचारले, “तिच्यापायी तुमचं वय गेलं म्हणतात. वाईट नाही वाटलं?”

“फार वाटलं. अजून वाटतं आहे.”

ती वळली आणि बुरुजाच्या पायऱ्या चढू लागली. लोकांना कळेना ही कुठे निघाली. रिकाम्या आकड्याखाली उभी राहून तिने पदर खोचला आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, “हेमतीरकरांनो, या हो! माझ्यावर अन्याय झालाय, ऐकायला या!”

घंटेच्या आवाजाने जमले असते तसेच सारे नगर चौकात जमले. दोन पिढ्यांनंतर पहिल्यांदा उघड्यावर न्याय बसला. कोतवालाने किल्ली आणली, कालकला बाहेर काढले. तिष्येने नंदक कसा होता, काय खायचा, कसा चिडायचा ते सारे सांगितले. मग कालकला बोलायला सांगितले. त्याने आजवर कुणापुढे मान वाकवली नव्हती. तो म्हणाला, “मीच मारलं. मरताना तो ‘आई’ म्हणाला. मला नाव ठाऊक नव्हतं त्याचं.” आणि त्याने तोंड झाकून घेतले.

लोकांनी तिष्येला विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, “सूळ नको. हा गेला की माझ्या लेकाचा शेवटचा शब्द ऐकलेलं कुणीच उरणार नाही. याला जगू द्या, जन्मभर त्या घाटावर नाव ओढू द्या. आणि दर वर्षी लेक गेला त्या दिवशी यानं बुरुजावर चढून माझ्या नंदकाचं नाव मोठ्यानं घ्यावं.” तसेच ठरले, आणि तसेच झाले.

हेमतीरने पुन्हा घंटा ओतवली नाही. ज्याच्यावर अन्याय होई तो बुरुजावर चढून आपल्या तोंडाने हाक मारी. ज्याला चढवत नसे त्याला शेजारी उचलून नेत. परगावचा पाहुणा आला की हेमतीरकर त्याला पाणी देण्याआधी बुरुजावर नेत, रिकामा आकडा दाखवत आणि छाती पुढे काढून म्हणत, “आमच्याकडे घंटा नाही. का नाही ते विचारा ना!” हे सांगताना त्यांच्या माना जशा उंच होत, तशीच ही कथा सांगणाऱ्याचीही होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, “तेव्हाचे सोमिल, देवरात आणि मंदार म्हणजे आज वाद घालणारे तुम्ही तिघे. पुष्पकेतू राजा म्हणजे दाराशी उभे असलेले हे श्रेष्ठी. तिष्या म्हणजे ही उपासिका उत्पला. कालक म्हणजे अंगण झाडणारे हे स्थविर शान्तक; आज त्यांच्या केरसुणीखाली मुंगीही मरत नाही. आणि शुभंकर अमात्य तो मीच होतो. भिक्षूंनो, फळ पाहा, नियम पाहा, शीलही पाहा. पण पाहताना ज्याचा जीव जाणार आहे त्याच्या तोंडाकडे पाहायला विसरू नका. आपल्याला नको असलेले देणे सोपे असते. ज्याचा आपल्याला अभिमान आहे ते दुसऱ्याच्या जिवासाठी सोडणे, याला करुणा म्हणतात.”

तिन्ही भिक्षू उठले. स्थविर शान्तक पुन्हा झाडू लागले होते. तिघांनी त्यांच्या हातातली केरसुणी आदराने काढून घेतली, आणि उरलेले अंगण त्यांनी झाडले.